पंच्याहत्तरीचे जेवण कुठे करावे: फाइन डायनिंगमध्ये की थाळीच्या हॉटेलात?

घरातील ज्येष्ठांची पंच्याहत्तरी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस किंवा परदेशी निघालेल्या मुलाचा निरोप अशा एखाद्या प्रसंगी दहा-बारा माणसांनी दुपारचे जेवण बाहेर करायचे ठरले, की सांगलीतील कुटुंबापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. विश्रामबाग-मिरज बाजूचे एखादे नव्या धाटणीचे रेस्टॉरंट किंवा कोल्हापुरातील मोठ्या हॉटेलातील फाइन डायनिंग ही पहिली वाट. तेथे टेबल आधी राखून ठेवावे लागते, पदार्थ मेन्यूकार्डावरून मागवावे लागतात आणि ते एकामागून एक येतात. दुसरी वाट शहरातील शाकाहारी थाळीच्या हॉटेलाची; तेथे बसल्याबरोबर ताट समोर येते आणि वाढपी फिरत राहतात. गेल्या दीड वर्षात आमच्या घरी हे दोन्ही प्रकार झाले. सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे जेवण आम्ही थाळीच्या हॉटेलात केले आणि सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचे फाइन डायनिंगमध्ये. दोन्ही वेळी माणसे तीच होती, दहा मोठी आणि दोन मुले, त्यामुळे आमच्या घरापुरती तरी ही तुलना समान पातळीवरची आहे.

चवीपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, परंतु माझ्या मते या दोहोंतील खरा फरक चवीचा नसून वेळेचा आहे. फाइन डायनिंगच्या बिलात आपण अन्नाइतकेच बसण्याचेही पैसे देत असतो. तेव्हा आपल्या घरातील माणसांना दोन-अडीच तास एकत्र बसायचे आहे का, आणि वयाने व प्रकृतीने त्यांना तेवढा वेळ बसवते का, हे आधी पाहावे. बाकीचे सारे मुद्दे त्यामागून येतात.

रविवारी दुपारी एक वाजता थाळीच्या हॉटेलात गेल्यास काय होते, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. बाहेर बाकावर वाट पाहावी लागते, आत गेल्यावर पाच मिनिटांत ताट वाढले जाते, गरम पोळ्या आणि भाकरी येत राहतात, कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी हवी तेवढी मिळते, आणि पाऊण तासात जेवण आटोपते. मात्र शेवटची दहा मिनिटे कोणीतरी अनोळखी कुटुंब आपल्या खुर्च्यांकडे आशेने पाहत उभे असते. सासऱ्यांच्या त्या जेवणात पुण्याहून आलेल्या दिरांना चार शब्द बोलायचे होते. त्यांनी ते बोलण्यास आरंभ केला तेव्हा समोरची ताटे उचलली जात होती आणि फडके टेबलावर फिरत होते. यात हॉटेलचा दोष नाही. तेवढ्या दरात तेवढे अन्न द्यायचे तर दुपारभरात एका टेबलावर तीन-चार पंगती उठल्याच पाहिजेत, हे त्या धंद्याचे गणित आहे.

फाइन डायनिंगमध्ये नेमके उलट घडते. टेबल त्या दुपारपुरते आपलेच असते आणि उठण्याची घाई कोणी करत नाही. त्या दिवशी मी संपूर्ण जेवण, पहिल्या घासापासून विड्यापर्यंत, एकदाही न उठता आणि गरम असतानाच जेवले. घरातील कोणत्याही समारंभात मला हे साधल्याचे आठवत नाही. जाऊबाईंचेही तेच म्हणणे पडले. परंतु त्याच टेबलावर आमचे सासरे तीन प्रकारचे स्टार्टर खाऊन झाल्यावर, साधारण पाऊण तासाने, शांतपणे विचारते झाले, “पाने कधी घ्यायची?” म्हणजे जेवायला कधी बसायचे?

त्यांच्या प्रश्नामागे जेवणाच्या क्रमाची एक वेगळीच कल्पना आहे आणि ती समजून घेतल्यास निर्णय सोपा होतो. पदार्थ एकामागून एक आणण्याची पाश्चात्त्य पद्धत एकोणिसाव्या शतकात रशियाकडून पॅरिसमध्ये रुजली असे मानले जाते. त्यापूर्वी फ्रान्समधील श्रीमंतांच्या मेजवानीतही बरेच पदार्थ एकाच वेळी मांडले जात. आजचे फाइन डायनिंग त्या रशियन पद्धतीवर उभे आहे. आपल्या पंगतीला क्रम नाही असे मुळीच नाही: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, आधी वरण-भात आणि तूप, मग पोळी व पक्वान्न, मध्ये मसालेभात आणि शेवटी ताकभात. मात्र हा क्रम जेवणाऱ्याच्या हाती असतो. सारे पान समोर दिसते, त्यामुळे पुढे काय आहे आणि पोटात किती जागा ठेवायची हे त्याला कळते. फाइन डायनिंगमध्ये तो क्रम स्वयंपाकघराच्या हाती जातो. मेन्यूकार्ड वाचण्याची सवय असलेल्या माणसाला त्यात गंमत वाटते. सत्तरी ओलांडलेल्या आणि बाराच्या ठोक्याला जेवणाऱ्या माणसाला मात्र तिखट-तेलकट स्टार्टरनेच पोट भरते आणि भात येईपर्यंत भूक मरते.

या मुद्द्याला एक वैद्यकीय बाजूही आहे. आमच्याकडे सासूबाईंना मधुमेह आहे आणि जेवणापूर्वीचे त्यांचे इन्सुलिन पहिला पदार्थ टेबलावर येईपर्यंत आम्ही थांबवून ठेवले, कारण ते आधी घेऊन अन्नाला अर्धा तास उशीर झाला तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. थाळीत ही चिंता नसते. दुसऱ्या बाजूने, थाळीच्या हॉटेलातील वाढप्याचा आग्रह आणि वाटीत न विचारता पडणारी बासुंदी यांपासून मधुमेही माणसाचा बचाव करणे अवघड जाते, तर फाइन डायनिंगमध्ये कोणीच आग्रह करत नाही आणि गोड मागवले नाही तर ते समोर येतही नाही.

आता पैशांकडे वळू. पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. थाळीचा दर माणशी ३५० रुपये धरल्यास दहा मोठ्यांचे ३५०० रुपये होतात, मुलांच्या अर्ध्या थाळ्या वेगळ्या, आणि एवढ्यातच अंदाज पूर्ण होतो. बिल किती येणार हे दारात पाऊल टाकण्यापूर्वीच माहीत असते. फाइन डायनिंगमध्ये रोटी नगावर मोजली जाते, पाण्याची बाटली, सूप, सरबत हे सारे स्वतंत्र लागते आणि “अजून एक प्लेट सांगू या” असे चार जणांनी वेगवेगळ्या वेळी म्हटले, की अंदाज कोलमडतो. त्याच दहा जणांचे खाद्यपदार्थांचे बिल १०,००० रुपये झाले असे समजू. सर्वसाधारण रेस्टॉरंटमध्ये त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ५०० रुपये लागतात. परंतु ज्या निवासी हॉटेलात मागील आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचे एका दिवसाचे भाडे ७५०० रुपयांहून अधिक आकारले गेले असेल, त्याच्या आवारातील रेस्टॉरंटला १८ टक्के दर लागू होतो आणि कर १८०० रुपयांवर जातो. पदार्थ तेच, टेबल तसेच, फरक १३०० रुपयांचा. म्हणून टेबल राखताना कर किती टक्के आहे हे विचारण्यात संकोच बाळगू नये. काही लहान हॉटेले जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या सोयीत, असतात. त्यांना ग्राहकाकडून जीएसटी वेगळा वसूल करता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. तो बिलात आपोआप जोडू नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. पंच्याहत्तरीच्या त्या दिवशी आमच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला होता आणि त्यावर जीएसटीही आकारला होता. थोरल्या दिरांनी कॅप्टनला, म्हणजे वाढप्यांच्या प्रमुखाला, बोलावून तो काढण्यास सांगितले. दहा मिनिटे आत-बाहेर झाली आणि अखेर बिल बदलून आले, मात्र सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद त्या दहा मिनिटांत थोडा उतरला. ही गोष्ट टेबल राखतानाच स्पष्ट करून घेतली असती तर बरे झाले असते. हॉटेलने ऐकलेच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. चांगली सेवा देणाऱ्या मुलाच्या हाती आपण होऊन टिप ठेवणे वेगळे; ती आम्ही दिली.

पदार्थांविषयी माझे मत काहीसे एकांगी आहे, ते तसे समजून घ्यावे. घरात पोळी, भाकरी, आमटी, भरली वांगी उत्तम होत असतील, तर त्याच पदार्थांसाठी बाहेर पैसे देणे मला फारसे पटत नाही. फाइन डायनिंगमध्ये निदान असे काही मिळते जे घरी होत नाही. तंदूरमधील भाजलेले पदार्थ, मंद आचेवर रात्रभर शिजवलेली डाळ, नीट बनवलेली बिर्याणी यांना दाद द्यावी लागते. परंतु पुरणपोळीचे तुकडे करून, त्यावर दुधाचा फेस ठेवून, मोठ्या पांढऱ्या बशीच्या एका कोपऱ्यात मांडलेला पदार्थ आला, तेव्हा सासूबाईंनी तो दोनदा फिरवून पाहिला आणि नातीपुढे सरकवला. ज्येष्ठांसाठी जेवण असेल तर मेन्यूकार्डाच्या ओळखीच्या पानांवरच राहावे.

आमच्यासारख्या अर्ध्या शाकाहारी घरांत आणखी एक अडचण येते. धाकट्या पिढीला मटण हवे असते, तर आजीला त्या स्वयंपाकघरातील वरणही नको असते. थाळीचे शाकाहारी हॉटेल हा वाद मुळातच मिटवते. फाइन डायनिंगची बहुतेक ठिकाणे मिश्र असतात. भांडी व स्वयंपाकाची जागा वेगळी आहे का, हे विचारावे आणि उत्तर गुळमुळीत आले तर आजीला गृहीत धरू नये. दिवसाचेही पाहावे लागते. ज्या गावाचे दैवतच गणपती आहे तेथे संकष्टीला दुपारचे जेवण ठरवणे म्हणजे निम्म्या टेबलाला साबुदाण्याच्या खिचडीवर बसवणे होय. गुरुवारी नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या घरांत तो दिवसही वर्ज्य धरावा, आणि श्रावणात थाळीलाच पसंती द्यावी.

जागेच्या बाबतीत फाइन डायनिंगचे पारडे सहसा जड असते, कारण मोठ्या हॉटेलांत लिफ्ट, रुंद दरवाजे आणि कमोड असलेले स्वच्छतागृह बहुधा मिळते. थाळीची कित्येक हॉटेले पहिल्या मजल्यावर असतात आणि जिना अरुंद असतो. मात्र मंद प्रकाशात बारीक इंग्रजी अक्षरांतील मेन्यूकार्ड सासऱ्यांना वाचता आले नाही आणि एसीच्या थेट झोताखाली बसवल्याने सासूबाईंनी जेवणभर शाल पांघरली. शाल सोबत न्यावी आणि मेन्यू कोणीतरी मोठ्याने मराठीत वाचून दाखवावा. मुलांविषयी फार लिहिण्याजोगे नाही: आठ वर्षांखालील मूल दीड तासाहून अधिक त्या खुर्चीवर बसत नाही.

फाइन डायनिंगसाठी कोल्हापूरपर्यंत जायचे असेल तर अंतर साधारण ५० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन अडीच-तीन तास प्रवासातच जातात आणि जेवणासह सारी दुपार सरते. पंच्याहत्तरीच्या आसपासच्या माणसाला हा प्रवास आणि लांबलेले जेवण एकाच दिवशी झेपत नाही, असा आमचा अनुभव आहे. परतीच्या वाटेवर जयसिंगपूरच्या आधीच सासू-सासरे दोघांचाही डोळा लागला होता. जुलै-ऑगस्टमध्ये तर कोल्हापूरचा बेत आखूच नये. इर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली, की टेबल राखून ठेवलेले असले तरी लक्ष बातम्यांकडेच राहते.

घरी आचारी बोलावण्याचा तिसरा पर्याय अनेक जण सुचवतात. चव आणि पैसा या दोन्ही दृष्टींनी तो उत्तम आहे, परंतु सिलिंडर, भाड्याची भांडी, पाणी आणि नंतरची आवराआवर घरातील बायकांकडेच येते, त्यामुळे बाहेर जेवण्याचा अर्धा हेतू तेथेच संपतो.

ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढची, वेळेवर जेवणारी, पथ्यपाणी सांभाळणारी माणसे केंद्रस्थानी आहेत, त्यांनी थाळी निवडावी. शक्य तर रविवार टाळून आणि बारालाच जाऊन, म्हणजे टेबल लवकर मिळते आणि उठवले जात नाही. ज्यांचा हेतू लांबून आलेल्या भावंडांनी निवांत बोलणे हा आहे, त्यांनी सांगलीतच जवळचे फाइन डायनिंग घ्यावे. दोन्ही हवे असेल तर एक युक्ती आहे, जी आम्हाला उशिरा सुचली: टेबल राखतानाच कॅप्टनला सांगून ठेवावे, की इतरांचे स्टार्टर येतील त्याच वेळी दोन ज्येष्ठांसाठी साधा भात, डाळ आणि तुपाची वाटी आणावी. पुढच्या महिन्यात नणंदेच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे. टेबल राखून झाले आहे, सर्व्हिस चार्ज लावणार नाही असे फोनवर कबूल करून घेतले आहे, आणि सासऱ्यांचा वरण-भात सव्वाबाराला सांगितला आहे.