ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड: शिरेतून की गोळीने?

गुडघा बदलताना रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड देतात. जमलेली गुठळी लवकर विरघळू न देणं हे त्याचं काम. जपानच्या ओकामोतो दांपत्याने १९६२मध्ये ते जगापुढे आणलं.

शिरेतून द्यायचं तर चीर घेण्याआधी साधारण १ ग्रॅम, तेही दहाएक मिनिटांत सावकाश. घाईने सोडलं तर रक्तदाब उतरू शकतो. गोळ्या सुमारे २ तास आधी पोटात जाव्या लागतात, आणि ऑपरेशनच्या यादीत नंबर पुढे-मागे झाला की हे गणित बिघडतं.

रक्त वाचवण्यात दोन्ही जवळपास सारखेच, गोळी मात्र बरीच स्वस्त. यादी वेळेवर चालत असेल तर माझा कौल गोळीलाच. उलट्या होत असतील किंवा खुबा मोडून रुग्ण तातडीने आला असेल, तर शीरच बरी. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस दोन्हीकडे कमी करावा लागतो.