तयार गणेशपूजा किट : आत काय असतं, काय नसतं, आणि ते कुणाच्या उपयोगाचं

भाद्रपद जवळ आला की किराणा दुकानापासून मोबाइलवरच्या ॲपपर्यंत सगळीकडे ‘संपूर्ण गणेशपूजा किट’ दिसू लागतं. किंमत साधारण ५०० ते १,००० रुपये, आणि वर ‘४० वस्तू’, ‘५१ वस्तू’ असे आकडे. हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या मालाचं आहे. बहुतेक खोके आतून सारखेच निघतात आणि त्यांच्या चुकाही सारख्याच असतात.

हे किट कोण घेतं याचा विचार करणारा विक्रेता क्वचित भेटतो. मनापासून देव मानणारं, पण विधी ठाऊक नसलेलं तरुण जोडपं घेतं. देवाबद्दल काहीच ठाम न ठरवलेला, पण आजोबांपासून चालत आलेल्या कुलाचारात खंड पडू नये असं वाटणारा माणूस घेतो. आणि देव नाही अशी खात्री असलेला मुलगाही घेतो, कारण आईला आता खाली बसवत नाही आणि तिचा गणपती तिच्या डोळ्यांदेखत बसायला हवा. तिघांच्या गरजा वेगळ्या, खोका एकच.

आधी जिनसा पाहू.

कुंकू सगळ्यात आधी तपासावं. खरं कुंकू म्हणजे हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची प्रक्रिया. क्षारामुळे हळद लाल होते. चिमूटभर कुंकू बशीत घेऊन वर लिंबाचे दोन-तीन थेंब पिळा. हळदीचं असेल तर लाल रंग उतरून पिवळा दिसू लागतो. रंग घातलेली पूड असेल तर लाल ती लालच राहते आणि बशीला डाग पडतो. किटमधलं कुंकू बहुधा दुसऱ्या जातीचं असतं. देवाला वाहायला चालून जाईल, पण तेच कुंकू घरातल्या बायका आणि मुली दिवसभर कपाळावर लावतात, त्वचा चुरचुरते ती त्यानेच. कुंकू वेगळं आणावं.

कापराची परीक्षा आणखी सोपी आहे. एक वडी स्टीलच्या ताटलीत उघडी ठेवा. शुद्ध कापूर हवेत उडून जातो, मागे काही उरत नाही. मेण मिसळलेली वडी तेलकट डाग ठेवते आणि जाळली की काजळी धरते. किटमध्ये दहा-बारा वड्या असतात. रोज दोन वेळा आरती करणाऱ्या घरात दीड दिवसाच्या गणपतीला त्या कशाबशा पुरतात, पाच दिवसांना नाही.

अक्षता हा सगळ्यात मोठा तुटवडा. पुडीत मूठभर तांदूळ असतात, त्यातले निम्मे तुटके. अक्षता अखंड हव्यात, नावातच ते आहे. कलशाखाली, सुपारीखाली, आवाहनाला, आसनाला, वस्तू नसेल त्या प्रत्येक उपचाराला (अर्पणाला) आणि शेवटी विसर्जनाआधीच्या उत्तरपूजेला धरून पाव किलो अखंड तांदूळ काढून ठेवावेत. त्यातल्या वाटीभर तांदळाला ओलं कुंकू लावून सावलीत वाळवावेत. पाणी जास्त झालं तर गोळे होतात, म्हणून थेंब-थेंब घालावं.

वाती दोन प्रकारच्या लागतात. निरांजनाला फुलवाती आणि समईला लांब वाती. किटमध्ये बहुधा ‘तुपात भिजवलेल्या’ फुलवातीच असतात आणि ते बव्हंशी वनस्पती तूप असतं. प्रवासात उन्हाने वितळून ते किटमधल्या पूजेच्या पुस्तिकेच्या पानांत मुरतं. अशी फुलवात दहा-पंधरा मिनिटं जळते. पूजा नीट केली तर पाऊण तास ते तास लागतो, त्यामुळे समई हवीच.

सुपाऱ्या पाचच असतात. महागणपती म्हणून पुजायला एक, विड्यांसाठी निदान दोन, कलशात एक असा हिशेब केला तर पुरतात, पण एखादी किडलेली निघतेच. जाडसर, बूड सपाट असलेली सुपारी पूजेला निवडावी, नाहीतर अभिषेकात ती लोळते.

आता पत्री. पार्थिव, म्हणजे मातीच्या मूर्तीच्या, गणेशपूजेत एकवीस पत्री सांगितल्या आहेत: मालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, अगस्ती. किटमध्ये याऐवजी चुरगळलेल्या, वाळक्या पानांची एक पुडी येते. त्यात नेमकं काय आहे हे जाणकारालाही सांगता येणार नाही. याहून वाईट गोष्ट म्हणजे पुडीवर एक ओळही सूचना नसते. धोत्रा विषारी, कण्हेर तर जास्तच. ही पानं नैवेद्याच्या ताटाजवळ ठेवू नयेत, हाताळल्यावर हात धुवावेत आणि लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. पुण्यात मंडईत किंवा दादरच्या फुलबाजारात ओल्या पत्रीची जुडी मिळते. तिच्यातही एकवीसच्या एकवीस खऱ्या असतील याची खात्री नाही, पण दूर्वा, बेल, तुळस, आघाडा, शमी ओळखून घेता येतात. दारच्या कुंडीतली तुळस आणि मैदानातल्या दूर्वा त्या वाळक्या पुडीपेक्षा शतपटीने बऱ्या.

किटमध्ये मध, तूप, गंगाजल, अत्तर यांच्या छोट्या पुड्या आणि कुप्या असतात. त्या कशा वापरायच्या हे सांगितलेलं नसल्यामुळे दरवर्षी कितीतरी मूर्ती बिघडतात. शाडूच्या मूर्तीवर पंचामृत किंवा पाणी थेट घालायचं नसतं. जलरंग ओघळतो, माती भुसभुशीत होते आणि बोट किंवा सोंड गळून पडते. अभिषेक सुपारीवर किंवा धातूच्या छोट्या गणपतीवर करायचा. मोठ्या मूर्तीवर दूर्वेने किंवा फुलाने नुसतं शिंपडल्यासारखं करायचं, तेही पायांपाशी.

पण या सगळ्या जिनसा पर्यायी आहेत, असं स्वतः पूजाविधीच सांगतो. अलंकार नाहीत? ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’. वस्त्र नाही? त्याच्या जागी अक्षता. ‘एकावन्न वस्तू’ हा बाजाराचा आकडा झाला. ताम्हन, पळी-पंचपात्र, तांदूळ, गंध, फूल, दूर्वा, दिवा आणि गूळखोबरं एवढ्यावर पूजा पूर्ण होते. म्हणून किटची खरी किंमत त्यातल्या पुस्तिकेत असायला हवी. नेमकी तीच सगळ्यात निकृष्ट असते.

पहिल्याच पानावर ‘श्री गणेशायः नमः’ असं छापलेलं सापडतं. तिथे विसर्ग नको, ‘गणेशाय नमः’ हवं. पुढे संकल्पात दोन ठिकाणी घोळ असतो. एक, संवत्सराचं, म्हणजे त्या वर्षाचं, नाव जुनंच राहतं. शके १९४७ ला विश्वावसू संवत्सर होतं, १९४८ ला पराभव. उरलेला मजकूर, म्हणजे दक्षिणायन, वर्षा ऋतू, भाद्रपद मास, शुक्ल पक्ष, चतुर्थी, दरवर्षी तोच असतो. वार, नक्षत्र, संवत्सर असे बदलणारे तपशील पंचांगात पाहून पेन्सिलीने लिहावेत. दोन, ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’. हे पुण्याला, सातारला, कोल्हापूरला बरोबर आहे. जळगाव, अमरावती, नागपूर गोदावरीच्या उत्तरेला, तिथे ‘उत्तरे तीरे’ म्हणायला हवं. आणि न्यू जर्सी किंवा सिडनीत बसलेल्या माणसाने गोदावरीचा काठ सांगण्याऐवजी आपल्या देशाचं, गावाचं नाव घ्यावं. संकल्प म्हणजे मी कोण, कुठे, केव्हा, कशासाठी हे करतो याचा उच्चार. तोच खोटा झाला तर पुढचं नुसतं पाठांतर उरतं.

अर्थ न देणं हा पुस्तिकेचा सर्वांत मोठा दोष, आणि विश्वासाचा प्रश्न इथेच येतो. प्राणप्रतिष्ठेत मूर्तीच्या हृदयाला उजवा हात लावून ‘अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु अस्यै प्राणाः क्षरन्तु च’ म्हणतात. या मातीत प्राण स्थिर होवोत, असा त्याचा भाव. दूर्वेने तूप लावून मूर्तीचे डोळे उघडतात. हे मानणाऱ्याला अर्थ कळला तर त्याचा हात तिथे वेगळ्या जाणिवेने टेकेल. न मानणाऱ्यालाही कळायला हवं की आपण काय उच्चारतो आहोत. मग तो ते म्हणेल, किंवा ‘आईच्या वतीने करतो’ असं संकल्पात प्रामाणिकपणे सांगेल, किंवा मंत्र दुसऱ्याला म्हणू देऊन स्वतः फक्त ताट धरेल. तिन्ही मार्ग सरळ आहेत. ठाऊक नसताना पुटपुटणं तेवढं सरळ नाही.

विश्वास नसताना विधी करणं म्हणजे ढोंग, असं दोन्ही बाजूंचे लोक पटकन म्हणतात. आपल्याच परंपरेत याचं उत्तर इतकं सोपं नाही. जैमिनींच्या पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्माचा विचार करणाऱ्या दर्शनात, जगाचा कर्ता असा ईश्वर नाही. त्याचे भाष्यकार शबरस्वामी यांनी तर देवतेला शरीर नाही, ती आहुती खात नाही, असं मांडलं. तरीही यज्ञ विधीप्रमाणे करायचा, कारण फळ कर्मातून येतं. दुसरीकडे जोतीराव फुल्यांनी निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, मानला, पण त्याच्या आणि माणसाच्या मधला दलाल नाकारला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज उभा राहिला त्यामागे हा विचार होता. विधी मानून ईश्वर न मानणारे आणि निर्मिक मानून भटजीचा विधी नाकारणारे, दोघेही इथलेच. आजच्या घरांतही कुणी आजारपणातून उठल्याच्या कृतज्ञतेने मानतो, कुणी लहानपणापासून कानावर पडलेल्या आरतीमुळे, कुणी केवळ भीतीने. आणि कुणाचा विश्वास घरातल्या अकाली मृत्यूने किंवा देवळाच्या दारात जातीवरून झालेल्या अपमानाने गेलेला असतो.

यातली भीती विकणारी किटं मात्र साफ नाकारावीत. काही खोक्यांत एक चिठ्ठी असते: पूजेत त्रुटी राहिल्यास दोष लागतो, त्यासाठी अमुक रक्षायंत्र, अमुक रुपये जादा. पूजेचा शेवटचा श्लोक याच्या नेमका उलट बोलतो: ‘मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर । यत्पूजितं मया देव परिपूर्णं तदस्तु मे ॥’ मंत्र चुकला, क्रिया चुकली, इतकंच काय भक्तीही कमी पडली, तरी हे पूर्ण मानून घे. ज्या विधीने भक्तीच्या अभावालाही जागा ठेवली, त्याच्या नावावर दोषाची धमकी देणं ही लबाडी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, तेव्हापासून देव मानणाऱ्याला विरोध नाही, देवाच्या नावावरच्या शोषणाला विरोध आहे, हे समिती सांगत आली. ही चिठ्ठी त्या शोषणाचाच छोटा नमुना आहे.

पुस्तिकेला पर्याय आहे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने संस्कारांच्या पोथ्या मराठी अर्थासह काढल्या आहेत आणि स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवलं आहे. अशी अर्थासहित पोथी आणि बाकी जिनसा सुट्या, हा मेळ कुठल्याही किटपेक्षा चांगला बसतो.

हल्ली खोक्यावर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की पूजा सांगणारी ध्वनिफीत लागते. कल्पना उत्तम. पण बहुतेक फितींत मंत्र धावतात. पळीभर पाणी सोडून हात पुसेपर्यंत तिसरा उपचार सुरू झालेला असतो. चांगल्या फितीत आधी मराठीत कृती सांगतात, मग मंत्र म्हणतात, मग थांबतात. आदल्या दिवशी एकदा पूर्ण ऐकून, डाउनलोड करून ठेवावी, आणि पूजेत फोन सांभाळायला कोरड्या हाताचा दुसरा माणूस बसवावा.

महाराष्ट्राबाहेर, बंगळुरू-गुरुग्रामकडे किंवा परदेशात जानवं, कापसाची वस्त्रं, अष्टगंध, बुक्का यांसाठी किट कामाचं आहे. ऑस्ट्रेलियासारख्या देशात मात्र बिया, वाळकी पानं, नारळ यांवर कडक तपासणी असते. तिथे पाठवायच्या खोक्यातून सुपारी, पत्री आणि तांदूळ आधीच काढून ठेवावेत. तांदूळ तिथेच विकत मिळतो.

विसर्जनाची पुडी ही यंदा बऱ्याच किटांत दिसणारी भर. आत अमोनियम बायकार्बोनेट असतं. ते फक्त प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी आहे. शाडूची मूर्ती साध्या पाण्यात काही तासांत विरघळते, तिला हे लागत नाही. प्लास्टरसाठी साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पावडर लागते, म्हणजे दोन किलोच्या मूर्तीला दोन किलो. किटमधली शंभर ग्रॅमची पुडी त्यापुढे निरुपयोगी आहे. पुणे महापालिका विसर्जनाच्या काळात ही पावडर देत आली आहे, आधी तिथे चौकशी करावी. मूर्ती पूर्ण बुडेल अशी प्लास्टिकची बादली घ्यावी, फुलं आणि वस्त्रं आधी काढावीत, दर दोन-तीन तासांनी लाकडी काठीने ढवळावं आणि बादली उघड्या गच्चीत ठेवावी, कारण अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. दोन दिवसांत तळाशी खडूसारखा पांढरा गाळ बसतो, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं. रंग मात्र विरघळत नाही, म्हणून भडक रासायनिक रंगाच्या मूर्तीचं ते पाणी झाडांना घालू नये. साध्या रंगाचं असेल तर भरपूर पाणी मिसळूनच घालावं.

बादलीत ठेवण्याआधी उत्तरपूजा करून, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून थोडी उत्तरेकडे सरकवायची असते. पुस्तिकेत हे पान बहुतेक वेळा नसतंच. श्लोक असा: ‘यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम् । इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च ॥’ हा वहीत उतरवून ठेवावा आणि त्यासाठी मूठभर अक्षता पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवाव्यात.