‘1890 सालचं, पूर्ण चालू’ हातमशीन घेताना झालेली फसवणूक

जुनी शिलाई मशीन जमवणाऱ्यांनी, आणि त्याहूनही जास्त त्यांच्यावर अजून शिवणाऱ्यांनी, आगाऊ पैसे पाठवण्याआधी हे वाचावं.

मला सिंगरचं 28 नंबरचं हातमशीन हवं होतं. यात गोल बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) नसते. गोळीच्या आकाराचं शटल असतं, त्यात बारीक लांबट बॉबिन बसते आणि ते शटल पुढेमागे झुलत दोरा अडकवतं. मशीन नीट जुळवलेलं असेल तर सुती कापडावर सरळ टाका इतका रेखीव पडतो की दुसऱ्या मशीनवर बसावंसं वाटत नाही.

जाहिरातीत लिहिलं होतं: ‘1890 सालचं, मूळ रंग, पूर्ण चालू.’ फोटोत काळा रंग आणि सोनेरी नक्षी झगमगत होती. व्हिडिओही पाठवला. हात फिरतोय, सुई वरखाली होतेय, कापड दाबून धरणाऱ्या फूटखाली कापड आहे आणि त्यावर सुबक टाके आहेत. ‘दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे’ असं सांगून विक्रेत्याने पूर्ण रक्कम आधीच घेतली.

मशीन आलं तेव्हा पहिल्यांदा नंबर पाहिला. या मशीनवर तो पाट्याच्या, म्हणजे खालच्या सपाट भागाच्या, उजव्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी ठोकलेला असतो. 1900 च्या आधीच्या सिंगरवर नुसते आकडे असतात, अक्षर नंतर आलं. माझ्या मशीनच्या नंबरात आकड्यांआधी ‘वाय’ होता. हे अक्षर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक कारखान्याचं आणि 1920-30 च्या दशकांतलं. म्हणजे मशीन सांगितल्यापेक्षा तीसेक वर्षांनी तरुण होतं. जाहिरातीतल्या एकाही फोटोत हा कोपरा दिसत नव्हता.

मग सरकपट्टी, म्हणजे शटलवरचं सरकतं झाकण, काढली. आतल्या कडेला जुना, तपकिरी छटा आलेला रंग होता आणि त्यावर बाहेरून मारलेल्या स्प्रेचे शिंतोडे. स्क्रूच्या खाचांतसुद्धा रंग भरला होता. मूळ काळा थर जपानिंगचा असतो, भट्टीत भाजून चढवलेला, आणि नक्षीवर पारदर्शक लेप असतो. वर्षानुवर्षं कापड आणि मनगट घासून पाट्याची पुढची नक्षी आधी जाते, मशीनच्या वरच्या आडव्या भागाची टिकून राहते. इथे नक्षी सगळीकडे सारखीच नवीकोरी होती आणि सुईखालची पट्टी मात्र दोऱ्यांनी चरे पडून झिजलेली. मला सगळ्यात जास्त चीड याची आली. 1920 नंतरचं एक प्रामाणिक, झिजलेलं मशीन कोणीतरी खरवडून काढलं आणि त्याला खोटं वय चिकटवलं. पैसे कधीतरी परत मिळतील, तो थर आता मिळणार नाही.

शटल तर नव्हतंच. व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं, सुईत दोराच ओवलेला नाही. टाके कुठल्या तरी दुसऱ्या मशीनवर आधीच घालून कापड फूटखाली ठेवलेलं होतं, आणि सरकपट्ट्या बंद असल्यामुळे आतली रिकामी जागा दिसत नव्हती. या जातीच्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त हरवणारी वस्तू म्हणजे शटल, म्हणून सरकपट्टी उघडून घेतलेला फोटो मागितल्याशिवाय पुढे जाऊच नये.

चाक पहिल्या दिवशी हलकं फिरत होतं आणि रॉकेलचा वास येत होता. काही दिवसांत ते जड झालं, मग अडकायला लागलं. कुणीतरी कधीकाळी खाण्याचं तेल घातलेलं असलं की ते वाळून डिंकासारखा थर बसतो. रॉकेल तो तात्पुरता मऊ करतं, पण पुसून काढून वर शिलाई मशीनचं पातळ तेल दिलं नाही तर तो परत धरतो. हा दोष मात्र दुरुस्त होतो. एकेक सांधा साफ करून, तेल देऊन, चाक फिरवत राहिलं की बहुतेक मशीन मोकळी होतात. त्यामुळे चाक जड आहे म्हणून कोणी चांगलं मशीन नाकारू नये.

तडा मात्र दुरुस्त होणारा नव्हता. मागच्या बिजागरीच्या भोकाजवळ पाट्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फुटलेलं होतं. विक्रेत्याला कळवल्यावर उत्तर आलं, ‘वाटेत आपटलं असेल.’ मी भिंग लावून पाहिलं. तड्याच्या आत पुटी भरलेली होती आणि पुटीवर तोच काळा स्प्रे. वाटेत पडलेल्या तड्यात रंग कसा जाईल? हा फोटो पाठवल्यावर उत्तरं येणं थांबलं. तक्रार मी केलेली आहे.

त्याआधी, म्हणजे मशीन पोचण्यापूर्वीच, त्याने ‘या मशीनच्या दुर्मीळ सुया’ म्हणून वेगळे पैसेही काढले होते. 28 नंबरला आजच्या साध्या घरगुती मशीनचीच सुई लागते, कुठेही मिळणारी, एका बाजूला चपटी. खरोखर जुनी वेगळी सुई लागते ती सिंगरच्या 12 नंबरसारख्या मशीनला, आणि ती शोधणं अवघड आहे. विक्रेता दुर्मीळ सुयांची भीती घालत असेल तर आधी मॉडेलचा नंबर विचारा.

वयाबाबतचा आणखी एक खेळ सांगतो, कारण त्यात बरेच जण सापडतात. काही सिंगर मशीनच्या निळी कड असलेल्या लंबगोल बिल्ल्यावर 1851-1951 असं असतं, आणि पहिला आकडा दाखवून मशीन 1851 चं म्हणून विकलं जातं. तो कंपनीच्या शताब्दीचा बिल्ला आहे आणि मशीन साधारण 1951 चं असतं. अशी मशीन मुबलक आहेत. ती शिवायला उत्तम असतात, दुर्मीळ नसतात. आणि ‘लाल पारा’ ही तर शुद्ध थाप. 2009 मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगरमध्ये लाल पारा नावाचा मौल्यवान पदार्थ असतो अशी अफवा उठली आणि लोकांनी अवाच्या सवा पैसे मोजले. सुईजवळ मोबाइल धरून तो बंद पडतो का हे बघत होते! कोणत्याही शिलाई मशीनमध्ये असलं काही नसतं.

आता मी विक्रेत्याकडे एकच सलग व्हिडिओ मागतो: आधी नंबर, मग उघडी सरकपट्टी आणि शटल, मग दोरा ओवून दोन पदरी कापडावर शिवण आणि शेवटी कापड उलटून खालचा टाका. मशीन आडवं करून तळाचा आणि बिजागरीच्या भोकांचा फोटोही घेतो. टाळाटाळ झाली की बोलणं तिथेच संपवतो. पाठवताना मशीन लाकडी बैठकीतून काढून दोन्ही वेगवेगळे बांधायला सांगा. बिजागरीचे स्क्रू ढिले असतील तर जड मशीन उसळून बैठक फोडतं, आणि नेमका तोच बहाणा अशा विक्रेत्यांच्या कामी येतो. खोकं उघडतानाचंही चित्रण करून ठेवा.