एएनबी की विट्स? सेफ वाचताना कुणाचं ऐकायचं

सेफ म्हणजे डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे. वेडेवाकडे दात सरळ करणारे आम्ही त्यावर वरचा आणि खालचा जबडा एकमेकांच्या किती पुढे-मागे आहेत ते मोजतो, एएनबी या कोनाने किंवा विट्स या मिलिमीटरमधल्या अंतराने. विट्सवाले म्हणतात, एएनबीवर विसंबू नका, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. एएनबीत दोन्ही जबडे (वरच्यावरचा ए बिंदू, खालच्यावरचा बी) नेझियनवरून, म्हणजे नाकाच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या सांध्यावरून बघायचे, आणि नेझियन काही प्रत्येकाच्या कपाळाखाली एकाच जागी खिळे मारून बसवलेला नसतो. तो मागे असला की कोन उगाच फुगतो, पुढे असला की आक्रसतो. म्हणून तर जेकबसन यांनी १९७५ मध्ये कवटीला बाजूला ठेवून ए आणि बी बिंदूंवरून थेट ऑक्लुजल प्लेनवर, म्हणजे वरचे-खालचे दात जिथे मिटतात त्या रेषेवर लंब टाकले आणि त्यांच्यातलं अंतर मोजलं. (विट्स हे माणसाचं नाव नव्हे, जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाचं घरगुती नाव.)

एमडीएसला (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला) असताना मीही विट्सवालाच होतो.

मग सदाशिव पेठेत प्रॅक्टिस सुरू केली आणि एका संध्याकाळी अकरा वर्षांच्या मुलीचा सेफ ट्रेस करायला घेतला. दुधाच्या दाढा अजून तोंडात, उपदाढा हाडात, डाव्या-उजव्या बाजूच्या सावल्या एकमेकींवर चढलेल्या. प्लेन काढायची कुठून? नजरेने काढली, विट्स ३ मिमी आला. चहा घेऊन आलो, त्याच फिल्मवर नवा कागद चिकटवला, पुन्हा काढली, तर ५! एएनबी दोन्ही वेळा ५ अंश. ए आणि बीमध्ये उभं अंतर चाळीसेक मिमी असतं, त्यामुळे प्लेन दीड अंश कलली तरी आकडा मिलिमीटरभर सरकतो. तिची आई समोर बसलेली. तिला काय सांगणार, चहाआधीचा की नंतरचा?

पुढेही हीच डोकेदुखी. क्लास टू इलॅस्टिक्स (वरचे दात मागे आणि खालचे पुढे ओढणारी रबरं) लावली की प्लेन स्वतःच फिरते. जबडे जिथल्या तिथे आणि विट्स मात्र सुधारलेला. आपण खूश.

२००४ पासूनचा बीटा अँगल (हेच मोजणारा आणखी एक कोन) नेझियन आणि प्लेन या दोघांनाही टाळतो खरा, पण तिथे कंडाइलचा, म्हणजे खालच्या जबड्याच्या सांध्यातल्या गोल टोकाचा मध्य शोधावा लागतो. सगळ्याच फिल्मवर तो दिसत नाही, एवढंच म्हणतो.

तुमच्याकडे मोठ्या वयाचे, सगळे पक्के दात आलेले पेशंट जास्त असतील तर विट्स कदाचित इतका छळणार नाही. लांबट चेहऱ्याच्या, जबडे खाली फिरलेल्या केसमध्ये एएनबी उगाच जास्त येतो, तिथे मीही विट्स काढतोच. पण दोघांचं पटलं नाही तर माझं खोडरबर आधी प्लेनवर फिरतं, नेझियनकडे मी नंतर बघतो.