पिस्ता-कुनाफा, उबे की आपलं कोनफळ? घरच्या छोट्या बॅचसाठी काय निवडाल

माझी मावसबहीण कोथरूडला घरून केक करते, एका वेळी 6 कपकेक नाहीतर अर्ध्या किलोचा एक केक, त्याहून जास्त तिच्या ओटीजीत (छोट्या घरगुती ओव्हनमध्ये) बसतच नाही. परवा तिचा फोन, "ताई, थंडीसाठी दोनच नवीन फ्लेवर ठेवायचेत, पिस्ता-कुनाफा आणि उबे घेऊ का, सगळे तेच मागतायत." तासभर बोललो आम्ही. तिला जे सांगितलं तेच लिहितीये, कारण हा प्रश्न आत्ता बऱ्याच जणींना पडलाय.

आधी एक गोष्ट, मोठ्या बेकरीत महागडा डबा आणला तरी तो संपतो, आपल्याकडे तो उरतो. 6 कपकेकच्या क्रीमला पिस्ता पेस्ट लागते फार तर 50 ग्रॅम, बाकीची फ्रीजमध्ये पडून खवट व्हायला लागते आणि नफा तिथेच जातो. म्हणून मी चवीइतकंच हे बघते की उरलेलं माझ्या घरात खपणार का.

पिस्ता-कुनाफाला मागणी आहे हे खरंच. दुबईच्या फिक्स डेझर्ट चॉकलेटियरचा तो पिस्ता आणि कुनाफा (भाजलेल्या बारीक तारांचं कुरकुरीत सारण) भरलेला चॉकलेट बार 2021 मधला, 2023 च्या शेवटी एका टिकटॉक व्हिडिओमुळे जगभर पोचला आणि आता कोणाला समजावून सांगावं लागत नाही, हा मोठा फायदा. पण कातायफीचं, म्हणजे कुनाफा ज्या शेवयांसारख्या तारांचा करतात त्यांचं, पाकीट फ्रोझन येतं आणि एकदा उघडलं की तारा वाळून तुटायला लागतात, आणि भाजलेली कातायफी ओलसर स्पंजला लागली की काही तासांत मऊ पडते, पावसाळ्यात तर त्याहून लवकर. मी बारीक शेवया तुपात खरपूस भाजून घेते, गार झाल्या की पिस्ता पेस्ट आणि वितळलेल्या व्हाइट चॉकलेटमध्ये घोळवते, त्या फॅटमुळे कुरकुरीतपणा टिकतो, आणि उरलेल्या शेवयांची खीर होते. पेस्ट पण घरीच करा, बिनमिठाचे पिस्ते दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून साल काढायची, नीट वाळवायचे आणि मग वाटायचे. रंग फिका हिरवा येईल, पोपटी येणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

आता उबे. हे फिलिपिन्समधलं जांभळं कंद, शास्त्रीय नाव डायोस्कोरिया अलाटा, आणि आपण उपासाला जे कोनफळ खातो ते त्याच जातीचं! मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की त्याच दिवशी मंडईत गेले. बाहेरून येणाऱ्या उबे इसेन्सच्या बाटलीत बहुतेक वेळा रंग घातलेलाच असतो, घरातल्या कोनफळात तो मुळातच आहे. चवीत मात्र फरक पडतो, उबेचा व्हॅनिलासारखा गोड वास कोनफळाला तेवढा नाही, म्हणून मी त्यात नारळाचं दूध आणि थोडं व्हॅनिला घालते. सोलताना हात खाजतात, तेल लावून घ्या. वाफवून गरम असतानाच चाळणीतून काढायचं, गार झालं की गुठळ्या राहतात. आणि खायचा सोडा अजिबात नको! हा जांभळा रंग आंबटात गुलाबीकडे झुकतो आणि सोड्यात निळसर-हिरवट राखाडी होतो, माझी एक अख्खी बॅच तशी गेलीये. बेकिंग पावडर आणि चमचाभर लिंबाचा रस एवढंच पुरतं.

माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची पावडर, मी ठेवत नाही, ती महाग, डबा उघडला की रंग आणि वास दोन्ही उतरतात, आणि ओव्हनमधून शेवाळी होऊन येतो.

पुण्यात राहून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि पुरंदरचे अंजीर सोडून सगळं बाहेरचंच का करायचं, असं मला मनापासून वाटतं. दोन्हीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये, अंजिराला 2016 मध्ये. फक्त ताजी फळं थेट पिठात घालू नका, पाणी सुटतं, अंजीर तळाशी बसतं, स्ट्रॉबेरी भाजून मळकट दिसते. स्ट्रॉबेरीची प्युरी कढईत निम्मी आटवून क्रीममध्ये घाला, अंजिराचा जॅम करून मध्ये भरा, उरला तर पोळीबरोबर संपतो.

रंगांचं सांगायचं तर पॅन्टोन या दरवर्षी वर्षाचा रंग जाहीर करणाऱ्या कंपनीने 2025 साठी मोका मूस हा तपकिरी रंग निवडला होता आणि 2026 साठी क्लाउड डान्सर, म्हणजे पांढरा, आणि त्याच्या जोडीला बटर यलो सगळीकडे दिसतोय. आपल्याला हे सोयीचं आहे कारण तपकिरी कॉफी-कोकोतून येतो, बटर यलो केशरातून किंवा एप्रिल-मेमध्ये आटवलेल्या आमरसातून, बाटलीची गरजच नाही. अवघड आहे तो पांढरा, पिवळ्या खारट बटरचं क्रीम कधीच पांढरं होत नाही. बिनमिठाचं पांढरं बटर किंवा घरचं लोणी घ्या, भरपूर फेटा, आणि तरीही पिवळट दिसलं तर टूथपिकच्या टोकाएवढा जांभळा जेल (केकसाठीचा घट्ट खायचा रंग), त्याने पिवळेपणा मरतो.

जेल रंगांना माझा सरसकट विरोध नाही. लहान मुलाच्या बर्थडेला ठसठशीत लाल हवा तर बिटाने तो होत नाही, बिटाचा रंग ओव्हनच्या उष्णतेत तपकिरी होतो, पिठात दही असेल तर थोडा टिकतो एवढंच. क्रीममध्ये मात्र बीट सुंदर गुलाबी देतं. जेल घ्याल तर लेबल वाचून घ्या, आपल्याकडे 8 च सिंथेटिक रंग मान्य आहेत आणि केकमध्ये मर्यादा किलोला 100 मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या केकला 50. गडद शेड हवी असेल तर आदल्या रात्री कालवून ठेवा, सकाळपर्यंत रंग चढतो आणि जास्त ओतावा लागत नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत सुटी पावडर दिसली, लेबल नसेल तर कितीही स्वस्त असू दे, उचलू नका. खाण्यात बेकायदा असलेला रोडामाइन बी हा कापडाचा रंग सापडल्यामुळेच 2024 मध्ये तमिळनाडूने कॉटन कँडी बंद केली.

तर बहिणीला मी कोनफळ-नारळ आणि पिस्ता-शेवई सांगितलं, पहिलं नावीन्यासाठी आणि दुसरं हमखास खपतं म्हणून, स्ट्रॉबेरी चांगली यायला लागली की पिस्ता बाजूला. तुमची गिऱ्हाइकं कॉलेजची पोरं असतील तर पिस्ता आधी ठेवा, सोसायटीतल्या काकू-आजी असतील तर अंजीर. कोनफळ घेताना भाजीवाल्या मावशींना एक कापून दाखवायला सांगा, आतून सगळी सारखी जांभळी नसतात, पांढरं निघालं तर त्याची भाजी करा, केकसाठी दुसरं निवडा.