पट्टी सोडली तेव्हा कळलं

आमच्या माळीमामांनी ब्लेडनं आंब्याच्या कलमावरची पट्टी उभी कापली आणि दोन बोटांनी ओढून काढली. खाली साल अखंड. गुळगुळीत, पट्टीखाली राहून जराशी फिकट आणि ओलसर झालेली, बस्स. तिरका काप नाही, सांधा नाही, फुगवटा नाही. मामा बैलहोंगलकडचे, मराठी तोडकंमोडकं बोलतात. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "अक्का, इदु कसी अल्ल." हे कलम नव्हे. मग दुसऱ्या रोपाची पट्टी सोडली, मग तिसऱ्याची. दहाच्या दहा रोपं कोयीपासून उगवलेली साधी रायवळ. वीतभर उंचीवर प्लॅस्टिकची पट्टी तेवढी झोकात गुंडाळलेली.

आमचं घर बेळगावात, अनगोळला, चाळीस बाय साठचा प्लॉट. पुढं घर, मागं परडं. परड्यात आड, दोन नारळ, कढीपत्ता, अबोली आणि सासूबाईंनी लावलेली मोगऱ्याची रांग. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं इकडं म्हणतात, आणि ती गेली की माझं परड्याचं काम सुरू होतं. पाचोळा ओढायचा, आळी उकरायची. मोगरा आधीच छाटून, पाणी तोडून ठेवलेला असतो. आता खत घालून पाणी सोडलं की पाडव्याच्या सुमाराला कळ्या धरतात. आमची माती तांबडी, जांभ्याची. पाणी घातलं की खाली निघून जातं, खताशिवाय काही टिकत नाही. म्हणून दरवर्षी मी शेणखताच्या शोधात असते, आणि हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. ही रोपं विकणाऱ्यालाही कुणीतरी सांगितलं असणार.

सकाळी अकराच्या सुमाराला पिकअप दारात थांबली. मागं रोपं, पुढच्या बाजूला एका मोठ्या कुंडीत छातीएवढं झाड आणि त्याला लोंबणाऱ्या दोन कैऱ्या. माणूस चाळिशीचा, कपाळाला गंध. पहिलं वाक्य काय बोलला ते ऐका: "वहिनी, गेटवर मराठी पाटी बघून थांबलो बघा. मी वेंगुर्ल्याचा. इकडं आलो आणि दारात मराठी ऐकलं की घरी आल्यागत वाटतंय."

सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे वाक्य कुठं लागतं, ते इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मी चहा टाकला.

मामा तेव्हा आडाजवळ पाचोळा भरत होते. ते पुढं येऊन मला एवढंच म्हणाले, "अक्का, आंबा जूनला लाव. आता नको." बरोबरच होतं. आंब्याचं कलम पाऊस लागल्यावर लावतात, उन्हाच्या तोंडावर कुणी शहाणा लावत नाही. तो हसून म्हणाला, "त्यांच्याकडं पद्धत वेगळी ओ वहिनी, आपल्या कोकणात आम्ही कधीपण लावतो." 'त्यांच्याकडं' आणि 'आपल्या'. मला ते खटकायला हवं होतं. उलट बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटतेय, पण खरं आहे. गाडीचा नंबर केए 23, म्हणजे चिकोडी पासिंग. वेंगुर्ल्याची गाडी असती तर एमएच 07 असती. तेही मी पाहिलं आणि 'भाड्याची असेल' म्हणून मनातल्या मनात त्याच्या वतीनं उत्तर देऊन टाकलं.

कलम 450 रुपयाला एक, दहा घेतली. कैऱ्यावालं झाड 'नमुन्याचं', ते विकायचं नव्हतं. शिवाय शेणखत, दोन वर्षं कुजवलेलं, 3,500 रुपये ब्रास. दोन खेपा, दोन ब्रास. सगळे मिळून 11,500 होत होते, 'आपल्या माणसाला' 11,000. पावती मागितली तर म्हणाला, पुस्तक घरी राहिलंय, पुढच्या खेपेला आणतो. पैसे मोबाइलवरून घेतले. स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं, तर ती बहीण म्हणे. जाताना मला कलमाशेजारी उभं करून फोटो काढला. "हसा की वहिनी जरा."

खत मोगऱ्याला घातलं, अबोलीला घातलं. वरून काळंभोर, भुसभुशीत दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मामांनी उरलेल्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन काढला. मीही घालून बघितला. आतून चांगलं चटका बसेल इतकं गरम, आणि आंबूस गोडसर वास. शेणाचा वास नव्हेच तो. ते प्रेसमड होतं, साखर कारखान्यात उसाचा रस गाळताना उरतो तो गाळ. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही आणि त्या दिवसांत गाळप चालूच असतं, तेव्हा माल ताजा. प्रेसमड वाईट नाही, नीट कुजवलं तर शेतकरी मागून नेतात. पण ताजं घातलं की ते मुळाशीच तापत कुजतं. आठवड्याभरात मोगऱ्याची नवी पालवी कडेनं करपली. सासूबाईंच्या रांगेतली चार झाडं गेली. त्या चाराचं मला अकरा हजारांपेक्षा जास्त लागलंय.

मग सगळंच तपासायची बुद्धी झाली. ब्रास म्हणजे 100 घनफूट. गल्लीत तसलीच पिकअप उभी होती, मुलानं टेप लावला: हौदा 8 फूट लांब, 5 फूट रुंद. खत दीड फुटाच्या वर नव्हतं, म्हणजे खेपेला 60 घनफूट. दोन खेपांचे 120 आणि पैसे दिले 200 चे. आणि कलमांच्या पट्ट्या सोडल्या त्या याच दिवशी संध्याकाळी.

फोन अर्थातच बंद. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 लावायला घेतला आणि थांबले. विकणाऱ्याचं नाव? माहीत नाही. पत्ता? वेंगुर्ला, तोही त्यानं सांगितलेला. पावती? पुस्तक घरी राहिलंय. आमचे हे म्हणाले, "चहाचं तरी बिल लाव." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

शेजाऱ्यांचा भाचा अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात शिकतो. त्यानं मला खरं कलम हातात देऊन दाखवलं. सांध्याच्या जागी खोड किंचित वाकडं आणि फुगीर असतं, वरची साल आणि खालची साल वेगळी दिसते. सांधा चांगला जुळल्यावर पट्टीची गरजच नसते, ठेवली तर ती खोडात रुतते. तेव्हा विकणाऱ्याला सरळ म्हणायचं, एकाची पट्टी सोडून दाखव. खरा रोपवाटिकावाला सोडून दाखवतो. खताच्या बाबतीत ढिगात हात घालायचा, वरवर नाही, कोपरापर्यंत. गाडी रिकामी व्हायच्या आधी हौद्याला टेप लावायचा. मामांना हे सगळं आधीच येत होतं. मी विचारलं नव्हतं.

रोपं मात्र फेकली नाहीत. भाचा म्हणतो, हीच खुंट म्हणून चालतील, जुलै-ऑगस्टमध्ये कोवळी फूट आली की त्यावर चांगल्या हापूसची काडी बांधून देतो. तीन रोपं उन्हानं गेली, सात आहेत. मामा रोज पाणी घालतात आणि त्यांना 'वेंगुर्ला' म्हणतात.

हे मी लिहिणार नव्हते, अब्रू कुठं चव्हाट्यावर मांडायची. पण परवा वडगावहून मावशीचा फोन आला. दारात एक गडी आलाय, हापूसची कलमं आहेत, चांगला मराठी माणूस आहे, तुझं नाव सांगतोय, घेऊ का? मोबाइलवर फोटोही दाखवतोय म्हणाली. मी म्हटलं, आधी पट्टी सोडायला सांग. ती सांगायला गेली तोवर गाडी वळली होती.

तो फोटो आता कुठल्या कुठल्या गल्लीत फिरतोय कोण जाणे. निळी साडी, मागं आड, हाताशी पट्टी बांधलेलं रोप. त्यात हसणारी बाई मी आहे, आणि ते कलम नाही.