राइट प्रोटेक्ट स्विचवाला पेनड्राइव्ह, बरेच महिने वापरून झाल्यावर

स्पीड, स्टोरेज सगळं बॉक्सवर लिहिलंय तसंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. बोलायचंय ते बाजूच्या त्या इवल्याशा स्विचबद्दल, जो लॉकवर सरकवला की पेनड्राइव्हमधलं वाचता येतं पण त्यावर काही लिहिता किंवा पुसता येत नाही, कारण त्या एकासाठी साध्या पेनड्राइव्हपेक्षा बरेच जास्त पैसे मोजलेत.

सुरुवातीला नुसता वैताग. स्विच इतका आत बसवलाय की नख पुरत नाही, टाचणी लागते. वर तो पेनड्राइव्ह लावायच्या आधीच सरकवायचा, लावल्यावर सरकवला तर काढून परत लावेपर्यंत काही फरक पडत नाही. दोन स्टार देणार होतो.

मग मत बदललं. प्रिंटसाठी बाहेरच्या एका कॉम्प्युटरला हा लॉक करून लावला आणि सोबत एक साधाही लावला. घरी येऊन बघतो तर साध्यातले सगळे फोल्डर गायब आणि त्याच नावांचे शॉर्टकट तयार. फाइली जात नाहीत, हिडन आणि सिस्टिम अशी खूण करून नुसत्या लपवलेल्या असतात, अ‍ॅट्रिब ह्या विंडोजमधल्या कमांडने परत दिसतात, पण तोवर कोणी शॉर्टकटवर डबल क्लिक केलं तर व्हायरस आपल्या मशीनमध्ये शिरलाच. लॉकवाला मात्र जसा नेला तसा परत आला, कारण इथे लिहायला नकार पेनड्राइव्हमधली कंट्रोलर चिप देते, समोरच्या विंडोजला विचारतच नाही.

काही जण म्हणतात ऑटोरन, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच आतला प्रोग्राम आपोआप चालू होणं, तर कधीच बंद झालं, मग लॉक कशाला. खरंय, विंडोज ७ पासून पेनड्राइव्हचं ऑटोरन बंदच आहे आणि २०११ मध्ये एक्सपी-व्हिस्टालाही तसा अपडेट आला, पण शॉर्टकट व्हायरसला ऑटोरन लागतंच कुठे, क्लिक आपणच करतो ना! रजिस्ट्रीतलं, म्हणजे विंडोजच्या सेटिंगमधून लावलेलं, राइट प्रोटेक्ट फक्त आपल्या मशीनपुरतं, बाहेर त्याचा उपयोग शून्य. आणि एसडी कार्डाच्या लॉकवर तर अजिबात विसंबू नका, ती नुसती प्लास्टिकची खूण आहे, मानायची की नाही ते रीडर ठरवतो.

आधीच आत शिरलेला व्हायरस ह्या स्विचने निघत नाही, आणि बाहेरून फाइल आणायची तर लॉक काढावाच लागतो. त्यासाठी मी वेगळा स्वस्तातला पेनड्राइव्ह ठेवलाय, तो स्कॅन केल्याशिवाय उघडत नाही.

आता स्विच थोडा सैल झालाय. कंपनीला मेल केला तर म्हणे झीज वॉरंटीत येत नाही. अरे, ज्या भागासाठी जास्त पैसे घेतलेत तोच वॉरंटीत नाही? म्हणून चारच स्टार. पुढच्या मॉडेलला स्विच मोठा आणि लाल करा, लॉक आहे की नाही ते लांबून दिसलं पाहिजे.